आवाज वेगळा मिळेल

अंबादास येमुलला या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकू. म्हणजे पुढं तो जिथं जिथं गप्प बसेल, तिथं तिथं का गप्प बसला याचा काथ्याकूट करायला नको. शंभर रुपयांच्या विक्रीमागं सत्तर पैसे. 'आपली गल्ली' या खेळाचे जे भाग वेगळे विकले जातील त्यांच्यावर, खेळ बाजारात आल्यापासून पहिल्या दिवाळी पाडव्यापर्यंत. सत्तर पैसे रस्त्यात पडलेले दिसले तर आज सोलापुरात कुणी वाकणार नाही. पण सातशेच्या आसपास देणारी पाच लाख गिऱ्हाइकं धरली तर होतात साडेचोवीस लाख, आणि त्या साडेचोवीस लाखांत बसतो होटगी रोडच्या नव्या इमारतीतला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. म्हणजे अख्खा नव्हे, सुरुवातीची रक्कम आणि रजिस्ट्री. वर उरतील त्यात एक सोफा. सोफासुद्धा त्यानं बघून ठेवला होता, मोरपंखी रंगाचा. दुकानदाराला सांगून आला होता की कुणाला देऊ नका.

कंपनीत त्याचं काम कातरायचं. चाळीसेक माणसं दोन वर्षं खपून एक खेळ पूर्ण करायची आणि मग तो अंबादासच्या टेबलावर यायचा. यातलं फुकट किती द्यायचं, वेगळं विकायचं किती, आणि कुठं कातरलं म्हणजे गिऱ्हाइकाला नेमकी कळ लागेल, हे तो ठरवायचा. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण ऑफिसात सगळे त्याला कात्रीवाला म्हणत आणि त्याला ते आवडायचं. आजोबांनी मागावर जन्म काढला, वडिलांनीही. कापड विणणाऱ्याला मजुरी मिळते, पैसा कातरणाऱ्याला मिळतो, हे त्यानं दाजी पेठेतल्या दोन खोल्यांत लहानपणीच हेरलं होतं.

'आपली गल्ली' हा खेळ असा. कपाळाला एक पट्टा बांधायचा, कापडीच, आतून बारीक तारांचं विणकाम. आपण एखादी जागा आठवतो तेव्हा मेंदूतल्या काही ठराविक पेशी ठराविक क्रमानं जाग्या होतात. दारातून आत गेलो की अमुक पेशी, डावीकडं वळलो की तमुक. गेल्या पंधरा वर्षांत हा क्रम बाहेरून वाचता येऊ लागला होता. पट्टा तो वाचायचा आणि डोळ्यांपुढं तुमचीच गल्ली उभी करायचा. तुमचंच लहानपणचं घर, तोच तुटका उंबरा, तीच दोरीवरची चादर. मग पट्टा विचारायचा, कुणाला बोलवायचं? तुम्ही एका माणसाची आठवण काढायची आणि ते माणूस आतल्या खोलीतून बाहेर यायचं. चालणं त्याचंच, हसताना मान कलती करायची लकब त्याचीच. कंपनीनं यातलं काहीही चितारलेलं नव्हतं. माल सगळा गिऱ्हाइकाच्या डोक्यातला, कंपनीचा फक्त माग.

आता प्रश्न होता कातरायचं कुठं. त्या बैठकीत अंबादासनं सांगितलं की गल्ली फुकट, घर फुकट, आणि एक माणूसही फुकट.

कंपनीच्या प्रमुख मृणाल देवस्थळी यांनी चष्म्यावरून बघितलं. माणूसच फुकट दिलं तर विकणार काय, असा त्यांचा प्रश्न होता.

"आवाज," अंबादास म्हणाला. "माणूस येईल, समोर बसेल, काहीतरी सांगेल. ओठ हलतील. आवाज येणार नाही. हनुवटीखाली एक छोटी ओळ उमटेल, 'आवाज वेगळा मिळेल'. सहाशे नव्व्याण्णव."

मग मृणालबाईंनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. अंबादासनं ओळखलं की सोफा पक्का झाला.

आडवे आले ते फक्त इलियास बागवान. इलियासभाईंचं वय अठ्ठावन्न, पट्ट्याचं वाचनाचं गणित त्यांनी बसवलेलं, त्यामुळं त्यांना बोलायची मुभा होती. त्यांचं म्हणणं, वेगळं विकायला माझी ना नाही. आपण खपून एखादी नवी गल्ली बनवली, नवा किल्ला बनवला, तर घ्या त्याचे पैसे. पण हा आवाज आपण बनवलेला नाही. तो त्या माणसाच्याच डोक्यात आहे, पट्ट्यानं वाचलेलासुद्धा आहे. आपण त्याच्या घराला बाहेरून कडी घालणार आणि कडी काढायचे पैसे घेणार.

अंबादासचं उत्तरही काही अगदीच खोटं नव्हतं. तो म्हणाला, खाणावळीत पापड वेगळा का घेतात? जो खात नाही त्याच्या थाळीवर पापडाचे पैसे चढू नयेत म्हणून. सगळं एकत्र विकलं तर हा खेळ नऊ हजारांना जाईल आणि फक्त पुण्या-मुंबईचे लोक खेळतील. आवाजवाल्यांच्या पैशावर गल्ली फुकट मिळते. माझी अक्का टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते, तिला नऊ हजार कुठून परवडणार होते? इलियासभाई, गरिबाच्या बाजूनं मी बोलतोय की तुम्ही?

इलियासभाई त्याच्याकडं बघून हसले. "अक्काला मध्ये घेतलंस म्हणजे तू जिंकलास," म्हणाले, आणि चहा प्यायला निघून गेले.

यानंतर जी चूक झाली ती फक्त असल्या ऑफिसातच होऊ शकते. कंपनीतल्या कामगारांना जे पट्टे दिले होते त्यांत सगळं उघडं होतं. आवाज, वास, दुसरं माणूस, तिसरं माणूस, सगळं. फुकटच्या पट्ट्याची तपासणी झाली नाही असं नाही. झाली, पंधरा मिनिटं. ओठ हलले, आवाज आला नाही, ओळ उमटली, पैसे भरल्यावर आवाज सुरू झाला, बरोबरची खूण. नियमाप्रमाणं कुणीतरी फुकटच्या पट्ट्यावर सलग सहा महिने खेळून बघायला हवं होतं. त्यासाठी नावं मागवली तेव्हा प्रत्येकाला काही ना काही काम निघालं. कुणाची आई गेलेली होती, कुणाचा भाऊ. आपलं माणूस मुकं बघत बसायची कुणाची तयारी नव्हती. तयारी का नाही, हेही कुणी कुणाला विचारलं नाही. तो रकाना मोकळाच राहिला आणि खेळ बाजारात गेला.

भाग्यलक्ष्मी, म्हणजे अंबादासची अक्का, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. नवरा भिवंडीला मागावर गेला तो तिकडचाच झाला. एक मुलगी होती, लास्या. ती तीन वर्षांपूर्वी श्रावणात डेंग्यूनं गेली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सोमवारी ताप आला, रविवारी ती नव्हती.

लास्या कशी होती ते एका वाक्यात सांगायचं तर ती थांबत नसे. आवाज घोगरा, नुकतीच झोपेतून उठल्यासारखा, आणि सांगायची घाई इतकी की श्वास बाहेर सोडताना बोलायची तशी आत घेतानाही बोलायची. बडबड थांबावी म्हणून शाळेत बाईंनी तिला एकटीला बाक दिला, तर ती भिंतीशी बोलायला लागली. ती गेल्यापासून अक्का तिच्या नकला करायची. भाकरी थापता थापता तोच घोगरा आवाज काढून, श्वास आत ओढत, "मामाच्या गाडीला हॉर्न नाही, मामाच तोंडानं वाजवतो," असं म्हणायची आणि हसायची, आणि हसता हसता पदर तोंडाला लावायची. ऐकणाऱ्याला ते सोसायचं नाही. पण अक्का जगत होती ती त्याच्यावर, हे अंबादासला कळत होतं.

प्रत्येक कामगाराला घरच्यांसाठी दोन कोड मिळाले होते. कोड टाकला की त्या पट्ट्यात सगळं उघडं. आता अंबादासनं त्यातला एक अक्काला द्यायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. त्यालाही तसं वाटलं होतं. पण बँकेत कर्जाचा कागद ज्या साहेबांच्या टेबलावर अडला होता त्यांचे वडील नुकतेच गेले होते, आणि बिल्डरच्या बायकोला तिची आजी फार आठवायची. साहेबांनी कागद दोन दिवसांत पुढं सरकवला. बिल्डरनं पार्किंगचे पैसे सोडले. कोड संपले. अक्काला त्यानं फुकटचा पट्टा नेऊन दिला आणि म्हणाला, आवाज हवा असला तर सांग, विकत घेऊन देतो.

"कशाला की," अक्का म्हणाली. "आवाज माझ्या कानात हाय. मला नुसतं ती दिसली तरी बास."

सहाशे नव्व्याण्णव वाचले म्हणून त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, वाटलं. वर ऑफिसात जाऊन त्यानं मनातल्या मनात पैजही लावली की तीन आठवड्यांत तीच मागेल. मुकं माणूस समोर बसलं की तिसऱ्या आठवड्यात दहातले चार पैसे भरतात, असा त्याचा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. साऱ्या महाराष्ट्रात दहातले चार भरत होते. अक्का उरलेल्या सहांतली निघाली.

ती रोज दुपारी कारखान्यातून आली की अर्धा तास पट्टा बांधून बसायची. समोर लास्या मांडी घालून काहीतरी सांगत असायची, हात उडवत, डोळे मोठे करत. ओठ हलायचे. अक्का ऐकायची. आवाज ती आपल्या आठवणीतला लावायची. अंबादास कधी गेलाच तर कपाळावर पट्टा आणि तोंडावर हसू अशी ती भिंतीला टेकून बसलेली दिसायची. त्याला समाधान वाटायचं की आपल्या कातरकामानं एका गरीब बाईचं भलं केलं. तिच्या नकला हळूहळू बंद झाल्या. त्याचा अर्थ त्यानं असा लावला की जखम भरतेय.

विक्री चढत होती. जुलैतच पाच लाखांचा आकडा ओलांडला. सोफेवाल्याला त्यानं विसार देऊन टाकला.

ऑगस्टच्या शेवटी लास्या गेल्याचा दिवस आला, तिसऱ्या वर्षाचा. शेजारच्या चार बायका होत्या, जेवणं झाली, फोटोला हार होता. अंबादासनं त्या दिवशी एक चांगलं काम करायचं ठरवलं होतं. त्याच्या जुन्या फोनमध्ये लास्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता, तोच हॉर्नचा. तो त्यानं टीव्हीवर लावला.

लास्या पडद्यावर आली, मामाच्या गाडीच्या सीटवर उलटी बसून. घोगऱ्या आवाजात सुरू झाली, मध्येच श्वास आत ओढून तशीच बोलत राहिली, मामानं तोंडानं हॉर्न कसा वाजवला ते करून दाखवलं. शेजारच्या बायका डोळे पुसायला लागल्या. अंबादासनं अक्काकडं बघितलं. ती कपाळाला आठ्या घालून बघत होती. एखाद्या ओळखीच्या घराला भलताच रंग दिलेला दिसावा, तशी.

व्हिडिओ संपला. अक्का म्हणाली, "परत लाव."

त्यानं परत लावला. ती टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली.

"चेहरा तिचाच हाय," ती म्हणाली. "पण हा आवाज कुणाचा घातलाय रे अंबू?"

त्याला वाटलं टीव्हीत काही बिघडलं. तो म्हणाला, तिचाच आहे, मीच काढलाय, तू तिथं मागं उभी होतीस.

"चेष्टा करू नको आजच्या दिवशी. तुमच्या कंपनीत काय वाट्टेल ते करता येतं, मला ठाऊक हाय." अक्का रागावली नव्हती, समजूत घातल्यासारखी बोलत होती. "माझी लेक कुठं इतकं बोलायची? शांत होती ती. बसायची, हसायची. तुला आठवत नाही का?"

शेजारणींनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं, पाणी पिता का अक्का, असं विचारून विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादास इलियासभाईंच्या टेबलापुढं उभा होता. घडलेलं सांगताना त्यानं दोनदा पाणी मागितलं. इलियासभाईंनी फुकटच्या पट्ट्यांची नोंद उघडली. पट्टा रोज वाचन करतो तेव्हा चेहऱ्याची आठवण किती ठळक, चालीची किती, आवाजाची किती, असे आकडे आपोआप साठत असतात. आवाजाचा रकाना फुकटच्या गिऱ्हाइकांसाठी झाकलेला होता, कारण त्यांना आवाज विकलेलाच नव्हता, मग बघायचा कशाला. इलियासभाईंनी तो उघडला. पहिल्या महिन्यात शंभरात ब्याण्णव. तिसऱ्यात साठ. पाचव्याच्या शेवटी चार, दोन, शून्य. अक्काचं एकटीचं नव्हे, सगळ्यांचं. रोज खेळणाऱ्या साडेतीन लाख माणसांचं.

मग त्यांनी जे समजावलं ते असं. आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे, की काढला, बघितला, परत ठेवला. आठवण रोज नव्यानं रंगवलेलं सूत. आपण जेव्हा काही आठवतो तेव्हा तो जुना रंग परत ओला होतो आणि वाळायला चार-सहा तास लागतात. वाळेपर्यंत त्याला जे लागेल ते त्यात उतरतं. एरवी काही बिघडत नाही, कारण आठवताना समोर दुसरं काही नसतं. इथं अक्का रोज लास्याला आठवत होती, आवाजासकट. रंग ओला व्हायचा, आणि त्याच वेळी डोळ्यांपुढं तीच लास्या, हुबेहूब, पण मुकी. रोज अर्धा तास. ओल्या सुतावर रोज तेवढा मुकेपणा बसला. ज्यांनी पैसे भरले त्यांचं काही गेलं नाही. ज्यांनी पट्टा चार दिवसांत कंटाळून टाकून दिला त्यांचंही नाही. गेलं ते आवाज आपल्या कानात आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचं.

"व्हिडिओ रोज ऐकवला तर?" अंबादासनं विचारलं.

"ऐकेल की. पण तो तिला परका वाटेल. ओळख पटवायला आत काहीतरी लागतं, यार. ते नाही राहिलं."

पट्टे आज काढायला सांगितले, तर ज्यांना अजून तीनच महिने झालेत त्यांचं अर्ध्याहून जास्त वाचेल, असंही ते म्हणाले. आज जाहीर करायला हवं. अंबादासनं मान हलवली आणि दोघं मृणालबाईंकडं गेले.

मृणालबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी आकडे दोनदा वाचले आणि दार लावून घेतलं. मग म्हणाल्या की जाहीर केलं तर साडेतीन लाख माणसांना आपण काय सांगणार? तुमचं काहीतरी हरवलंय? त्यांना ते हरवल्याचं माहीतच नाही. तुमची अक्का रडतेय का, अंबादास? रडत नाही ना? आपण सांगितलं की मग रडायला लागेल. त्यापेक्षा पाडव्याला आवाज सगळ्यांना खुला करू. सणाची भेट म्हणून. कारण सांगायचं नाही. पुढं कुणाचंच जाणार नाही.

इलियासभाई म्हणाले, पाडव्याला दहा आठवडे आहेत. तेवढ्यात आणखी एक लाख दहा हजार माणसं पाचवा महिना ओलांडतील.

"आजच खुला केला तर दहा आठवड्यांची विक्री बुडेल आणि सगळे विचारतील का," मृणालबाई म्हणाल्या. मग त्या अंबादासकडं वळल्या. "तुमचा हिस्सा पाडव्यापर्यंतचा आहे, नाही का? तुम्ही सांगा. कात्री तुमची आहे. तुम्ही म्हणालात आज, तर आज."

ही त्यांची हुशारी. त्यांनी नाही म्हटलंच नाही.

अंबादासनं त्या दोन-तीन मिनिटांत काय काय मोजलं ते त्याचं त्यालाच नीट सांगता आलं नसतं. अक्काचं तर गेलेलंच आहे, ते परत येत नाही. बाकीचे एक लाख दहा हजार कोण, कुठले, त्यांतले किती खरंच रोज खेळतात. बँकेचा हप्ता सुरू झालेला. बुडालेल्या विक्रीचे सत्तर सत्तर पैसे. इलियासभाई त्याच्याकडं बघत होते आणि तो टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडं.

"पाडवा ठीक आहे," तो म्हणाला.

इलियासभाईंनी आठवडाभरात नोकरी सोडली. ग्राहक मंचाकडं एक अर्जही केला. मंचानं विचारलं, बाधित व्यक्ती कोण? बाधित व्यक्ती हजर करा, तिची तक्रार काय आहे? इलियासभाई अंबादासच्या घरी आले आणि म्हणाले, अक्काला घेऊन एकदा चल, व्हिडिओ घेऊन चल, बाकी मी बोलतो. अंबादास म्हणाला की पाडवा होऊ दे. इलियासभाईंनी चहा अर्धा ठेवला.

मधल्या काळात त्यानं अक्कासाठी एक प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. स्वतःच्या खिशातून सहाशे नव्व्याण्णव भरले आणि तिच्या पट्ट्यावर आवाज उघडला. पण आवाज येणार कुठून? तो गिऱ्हाइकाच्या डोक्यातूनच यायचा होता. पट्ट्यानं आत शोध घेतला, तिथं काही सापडलं नाही. अशा वेळेसाठी कंपनीनं रिकामी जागा भरायला काही तयार आवाज ठेवले होते, त्यातला एक लागला. मुलगी, वय आठ ते दहा, मराठी, गोड.

अक्कानं दोन मिनिटांत पट्टा काढला.

"बंद कर ते. कुणीतरी दुसरीच पोरगी तिच्या तोंडातून बोलतीया." आणि मग, धाकट्या भावाला समजावावं तसं, "अंबू, मला आवाज नको. तू आधी दिलेलंच बरं होतं. माझी लेक मला जशी हाय तशी दे."

त्यानं आवाज बंद केला. लास्या पुन्हा समोर बसली, हात उडवत, ओठ हलवत. अक्काचा जीव भांड्यात पडला. "हां," ती म्हणाली. "अशी."

पाडव्याला आवाज सगळ्यांना खुला झाला. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. खेळाचे भाग वेगळे विकावेत की विकू नयेत यावर वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्यांनीही लिहिलं की बघा, सोलापूरच्या कंपनीनं विकत असलेला भाग आपणहून फुकट दिला, याला म्हणतात दानत. एका ग्राहक संघटनेनं मृणालबाईंचा सत्कार केला, शाल आणि श्रीफळ. चार-पाच लाख माणसांनी त्या दिवशी पट्टा बांधून आवाज सुरू केला. त्यांतल्या बऱ्याच जणांनी, आवाज जरा वेगळा वाटतो, असं कळवलं आणि तो बंद करून टाकला. उत्तरादाखल सगळ्यांना एकच मजकूर गेला: काही दिवसांत सवय होईल.

डिसेंबरात अंबादासची वास्तुशांत झाली. सातवा मजला, खिडकीतून सिद्धेश्वराचं तळं दिसतं. ऑफिसातले लोक आले, बँकेचे साहेब आले, बिल्डरची बायको आली आणि तिनं आजीच्या आवाजाची इतकी तारीफ केली की ऐकणाऱ्यांना हेवा वाटावा. अक्का मोरपंखी सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसली होती. शेजारच्या फ्लॅटमधली एक नवी बाई तिच्याशी बोलायला बसली आणि बोलता बोलता तिनं विचारलं, तुम्हाला मुलंबाळं?

अक्कानं सांगितलं. मुलगी होती, नऊ वर्षांची होऊन गेली. बाई हळहळली, कशी होती हो, म्हणाली.

"शांत," अक्का म्हणाली. "फार शांत. घरात हाय का नाही, पत्ता लागायचा नाही. होती ना रे अंबू?"

अंबादास पेढ्यांचं ताट घेऊन उभा होता. त्या क्षणी साऱ्या जगात लास्याचा आवाज ओळखणारं घरचं माणूस त्याच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं. त्याला तो ऐकू येत होता, घोगरा, श्वास आत ओढत घाईनं काहीतरी सांगणारा. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मग पुढं बरंच काही सांगावं लागलं असतं, भरल्या घरात, कोडांपर्यंत.

"हो," तो म्हणाला. "शांतच होती."

बाईनं पेढा घेतला. अक्कानं समाधानानं मान डोलावली.

तेव्हा आता एकदा कुणी काय दिलं ते बघू. गिऱ्हाइकं झाली साडेसहा लाख, त्यांनी दिले सहाशे नव्व्याण्णवप्रमाणं पंचेचाळीस कोटी, आणि त्यांना दिल्या पैशांचा माल मिळाला. कंपनीनं दिली एक सणाची भेट. तिच्या बदल्यात तिला नाव मिळालं. इलियासभाईंनी आपली नोकरी देऊन टाकली. त्यांचा अर्ज बाधित व्यक्तीअभावी निकालात निघाला. अंबादासला एकतीस लाख ऐंशी हजार मिळाले, त्यातून अक्काच्या नावे खर्ची पडले सहाशे नव्व्याण्णव. ज्यांचा आवाज गेला अशी माणसं पाडव्यापर्यंत झाली चार लाख साठ हजार. त्यांच्याकडून एक पैसाही घेतलेला नाही, त्यामुळं ती कुठल्याच नोंदीत नाहीत. अक्कानंही पैसा दिला नाही, तिला फुकटच मिळालं होतं.

सगळ्यांचं देणं दिलं नऊ वर्षांच्या लास्यानं. तिच्याकडं बोलण्याखेरीज दुसरं काही नव्हतंच.